सात रस्त्याजवळचे झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान : काम चोख, धास्ती कायद्याची

सोलापुरात झेरॉक्सचे दुकान शोधावे लागत नाही. महाविद्यालय, न्यायालय किंवा तहसील कचेरी जिथे असेल तिथे एकाला लागून दुसरे असतेच. तरीही गेली नऊ वर्षे मी सात रस्त्याजवळच्या एकाच दुकानात जाते. मी इथल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते, त्यामुळे माझे काम नव्या कोऱ्या नोट्सचे नसते. पिवळी पडलेली, कडा झडलेली, एकदा फाटली तर पुन्हा मिळणार नाहीत अशी पाने मी तिथे नेते. या वर्षी याच दुकानात माझे काम प्रथमच अडले. ते का अडले हे नीट सांगितल्याशिवाय दुकानाविषयी लिहिणे अन्यायाचे होईल, म्हणून हा अभिप्राय लांबला आहे. दुकानाचे नाव मात्र मी मुद्दाम देत नाही. मालकांनी तशी विनंती केली आणि ती मला पटली.

आधी कामाविषयी. जुने पुस्तक काचेवर पालथे घालून वरून तळहाताने दाबले की शिवण उसवते आणि पाने मोकळी होतात. बहुतेक दुकानांत हेच घडते. इथले मालक, ज्यांना सगळे विद्यार्थी अण्णा म्हणतात, पुस्तकाचा जो अर्धा भाग काचेबाहेर लोंबतो त्याखाली घडी घातलेला जाड टॉवेल ठेवतात, म्हणजे शिवणीवर ताण येत नाही. कागद पातळ असेल आणि मागची अक्षरे पुढे उमटत असतील, तर त्या पानामागे काळा कागद सरकवतात. मग शाई थोडी फिकी करून एक नमुना पान काढतात, दारापाशी उजेडात नेऊन स्वतः पाहतात, मला दाखवतात आणि मगच पुढचे काम सुरू करतात. पाठपोट काढताना पान उलटे पडणे, मधलेच पान गळणे, समासातले शब्द कापले जाणे हे प्रकार नऊ वर्षांत माझ्या वाट्याला दोनदाच आले, आणि दोन्ही वेळा त्यांनी न सांगता पाने पुन्हा काढून दिली.

दर वाजवी आहेत. एकेरी पान दोन रुपये, पाठपोट तीन, मोठ्या कामाला पाठपोट अडीच, आणि स्पायरल चाळीस रुपयांपासून पुढे. कागद घट्ट असतो, पेन्सिलीने खुणा केल्या तरी मागे उठत नाहीत. परीक्षेच्या आठवड्यात मात्र गर्दी फार असते आणि यंत्रे दोनच, त्यामुळे त्या दिवसांत निवांत कामाची अपेक्षा ठेवू नये. पुस्तक ठेवून गेलात तर पावती मिळते, तिच्यावर पुस्तकाचे नाव आणि पानांची संख्या लिहिलेली असते.

या जूनमध्ये मी एक अभ्याससंच करायला घेतला. विषय सोलापूरचाच होता, म्हणजे मे 1930 मधला मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली, हे सोलापूरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्या चौघांच्या नावांपलीकडे त्या दिवसांतला गिरणगाव, ती माणसे आणि ते वातावरण मुलांसमोर ठेवायचे, तर जुनी साधने हातात द्यावी लागतात. चाळीस विद्यार्थ्यांसाठी एकशे बारा पानांचा संच ठरला. त्यात शहराच्या पार्श्वभूमीसाठी 1884 च्या सरकारी गॅझेटिअरमधली काही पाने आणि माझी टिपणे मिळून बत्तीस पाने, एका उपलब्ध पुस्तकातली दोन प्रकरणे मिळून चव्वेचाळीस पाने, आणि छत्तीस पानांची एक संपूर्ण पुस्तिका होती. ही पुस्तिका कित्येक दशकांपूर्वी एकदाच छापली गेली. तिचे प्रकाशन बंद पडले आहे, लेखक हयात नाहीत आणि वारस कोण हे मला शोधूनही सापडलेले नाही.

अण्णांनी संच चाळला आणि माझ्या टिपणांचा गठ्ठा तेवढा बाजूला काढला. बाकी सारे परत माझ्याकडे सरकवले. भिंतीवर पूर्वी नसलेली पाटी होती : "पुस्तकाची झेरॉक्स काढून मिळणार नाही. कृपया आग्रह करू नये." अभ्यासासाठी आहे, कायद्यात शिक्षकांना मुभा आहे, असे मी म्हणाले. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं असंल. पण फौजदार दारात आल्यावर कायदा कोण वाचत बसतंय? मशीन उचलून नेली की मी काय करू?"

दुसऱ्या शहरात हाच व्यवसाय करणाऱ्या त्यांच्या एका नातेवाइकावर असा प्रसंग आला होता. दुकानात कुणा विद्यार्थ्याचे पाठ्यपुस्तक सापडले, यंत्र जप्त झाले आणि ते परत मिळेपर्यंत कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. त्या प्रकरणात चूक कुणाची होती हे मला माहीत नाही. पण त्यानंतर अण्णांनी पाटी लावली, आणि 1884 सालच्या गॅझेटिअरलाही, ज्यावर आज कुणाचाही स्वामित्वहक्क (कॉपीराइट) उरलेला नाही, हात लावायला ते धजले नाहीत.

घरी येऊन मी कायदा काढून वाचला आणि वाचल्यावर माझा राग अण्णांवरून उतरला. स्वामित्वहक्क कायदा 1957 चा. मूळ कायद्यात उल्लंघनाला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद होती. 1984 च्या दुरुस्तीने कलम 63 खाली किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरली. पुन्हा दोषी ठरल्यास कलम 63 'अ' नुसार किमान एक वर्ष कैद आणि किमान एक लाख दंड. उल्लंघन धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून याहून कमी शिक्षा देऊ शकते, अशी एक सवलत आहे खरी. पण पानामागे दोन रुपये घेणारा दुकानदार धंदाच करत असतो, त्यामुळे ती सवलत त्याच्या उपयोगाची नाही. पुढे 20 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 63 खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्णय दिला. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि जामीन हा आरोपीचा हक्क न राहता न्यायालयाच्या मर्जीवर जातो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये असे त्याच न्यायालयाने 2014 मध्ये बजावले आहे, हेही सांगितले पाहिजे. पण ते दुकानदाराला कळणार कधी आणि कुणाकडून?

सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारे कलम 64 आहे. फौजदार, म्हणजे उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी, गुन्हा घडला आहे, घडतो आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे त्याला वाटले तरी वॉरंटशिवाय प्रती आणि प्रती काढण्याची साधने जप्त करू शकतो. या साधनांची कायद्यातली व्याख्या इतकी ऐसपैस आहे की झेरॉक्सचे यंत्र तिच्यात सहज बसते. जप्तीनंतर पंधरा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून वस्तू परत मागता येते, पण तोवर दुकानाचे शटर खालीच राहणार. अण्णा घाबरट आहेत असे मला त्या दिवशी वाटले होते. आता वाटते की कायद्याचे एकही पान न वाचता त्यांनी त्याचा नेमका अर्थ ओळखला होता.

दुसरी बाजूही कायद्यातच आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत हे उल्लंघन नाही, असे कलम 52 सांगते. स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी रास्त वापरालाही त्यात मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेसवर तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 16 सप्टेंबर 2016 रोजी तो फेटाळला आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला खंडपीठाने अध्यापनाच्या ओघात या शब्दांचा व्यापक अर्थ मान्य केला : किती पाने चालतील याची कोणतीही ठरावीक टक्केवारी नाही, अध्यापनासाठी जेवढे आवश्यक तेवढे, ही कसोटी. अभ्याससंचातला मजकूर खरोखर आवश्यक होता का, एवढा प्रश्न पुन्हा तपासायला ठेवला गेला, पण मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

मग अण्णांनी माझे काम करायला काय हरकत होती? प्रामाणिकपणे सांगायचे तर ते दुकान विद्यापीठाच्या आवारात परवान्याने चालत होते, आणि आपले सात रस्त्याजवळचे दुकान खासगी आहे. तो निकाल दिल्लीचा आहे. छत्तीस पानांची संपूर्ण पुस्तिका अध्यापनासाठी आवश्यक ठरते का, यावर दोन वकील दोन मते देतील. अशा प्रश्नाची जागा दिवाणी न्यायालयात आहे, जिथे दोन्ही बाजू मांडल्या जातात आणि चूक ठरली तर भरपाई दिली जाते. जिथे जाणत्या माणसांतही मतभेद आहेत तिथे कोठडीची भीती उभी केली, तर कायद्याने दिलेली मुभा कागदावरच राहते. माझ्या संचातली बत्तीस पाने निर्विवाद मोकळी होती, चव्वेचाळीस पानांना कायद्याचा चांगला आधार होता, छत्तीस पाने वादाची होती. माझी टिपणे तेवढी सोडून भीतीने ही तिन्ही एकाच फटक्यात परत केली.

नक्कल म्हणजे काय हे सोलापूरकरांना वेगळे शिकवावे लागत नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि तरीही दुसरीकडचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो याचे दुःख आपल्या पूर्व भागातल्या प्रत्येक कारखानदाराला आहे. त्या कायद्यातही खोट्या मानांकनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, म्हणजे शिक्षा अगदी तेवढीच. फरक आहे तो कारवाईच्या पद्धतीत. तिथे वॉरंटशिवाय झडती आणि जप्ती करणारा अधिकारी किमान उपअधीक्षक दर्जाचा लागतो, आणि झडतीपूर्वी त्याला मानांकनाच्या निबंधकांचे मत घ्यावे लागते. व्यापारचिन्हांच्या कायद्यातही हीच अट आहे. खोटी चादर गिऱ्हाइकाला सरळ सरळ फसवते, तरी तिच्या बाबतीत जाणकाराचे मत आधी घ्यावे असे संसदेला वाटले. झेरॉक्सने कुणी फसत नाही, आणि तिथला प्रश्न कायद्याच्या दृष्टीने कितीतरी नाजूक असतो, तरी तिथे फौजदाराचे समाधान पुरते. स्वामित्वहक्काच्या कायद्यातही वरिष्ठ अधिकारी आणि जाणकाराचे पूर्वमत ही अट आली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखक-प्रकाशकांच्या विरोधात मी मुळीच नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशेची निघते आणि ती खपायला वर्षे जातात, हे मी जवळून पाहिले आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तके हुबेहूब छापून पदपथावर निम्म्या किमतीला विकणारे लोक आहेत; त्यांचा माल गोदामात असतो, त्यांचे मुखपृष्ठही खोटे असते. त्यांच्यावर खुशाल फौजदारी कारवाई व्हावी. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक करारातल्या कलम 61 नेही सदस्य देशांवर फौजदारी शिक्षेचे बंधन घातले आहे ते जाणूनबुजून आणि व्यापारी प्रमाणावर केलेल्या चाचेगिरीपुरतेच. आपल्या कलम 63 मध्ये व्यापारी प्रमाणाची अशी रेषाच आखलेली नाही, म्हणून गोदामवाला आणि अण्णा एकाच तराजूत बसतात.

याच अण्णांनी माझ्यासमोर एका मुलाला परत पाठवले, ती गोष्ट इथे नोंदवते. तो स्पर्धा परीक्षेचे जाडजूड मार्गदर्शक घेऊन आला होता आणि पूर्ण पुस्तकाचे तीन संच मागत होता. अण्णांनी पुस्तक उलटून मागची किंमत पाहिली आणि त्याला म्हणाले, "बाळा, नव्या पेठेत जा, कमिशन कापून मिळतं. झेरॉक्स अन् बाइंडिंग धरून तुला तेवढेच पडतील, आणि लिहिणाऱ्याला पण काहीतरी मिळू दे." तेव्हा ती पाटी लागलेली नव्हती. कायद्याच्या धाकाशिवाय त्यांनी हा विवेक पाळला होता. पाटी लागल्यावर त्या विवेकाला जागा उरली नाही, सगळ्यांना एकच उत्तर मिळू लागले.

चित्रपटांच्या बाबतीत कायदा याहून कडक झाला आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला किंवा त्याचे प्रदर्शन करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते, आणि दंड तीन लाखांपासून चित्रपटाच्या एकूण निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या राज्यात त्याआधीच, 2009 मध्ये, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सची भर घातली गेली. त्या कायद्याखाली खटल्याशिवाय वर्षभर स्थानबद्ध ठेवता येते. दोन्ही कायद्यांचा पुस्तकांशी संबंध नाही. पण पाऊल एकाच दिशेला पडते आहे, आणि उद्या ते पुस्तकांकडे वळले तर आपण आधीच बोललेले बरे.

पुन्हा दुकानाकडे येते, कारण अण्णांनी मला नुसते परत पाठवून विषय संपवला नाही. दोन दिवसांनी त्यांनीच फोन करून, काय कागद दिले तर काम करता येईल हे एका वकिलाला विचारून सांगितले. त्यानुसार गॅझेटिअरच्या पानांसोबत त्याच्या शीर्षकपानाची प्रत जोडली, कारण प्रकाशनाचे वर्ष तिथे छापलेले आहे. दोन प्रकरणांसाठी मी प्रकाशकांना पत्र लिहिले. चार दिवसांत त्यांचे लेखी उत्तर आले, परवानगी विनामूल्य मिळाली आणि मुलांना पुस्तकाचे नाव सांगा एवढीच त्यांनी अपेक्षा कळवली. संच अध्यापनासाठी आहे, प्रती चाळीसच काढल्या जातील आणि त्यांची विक्री होणार नाही, असे पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी दिले. अण्णांनी हे सारे एका निळ्या फाइलला लावून काउंटरच्या खणात ठेवले आहे. आता ते अशा प्रत्येक कामाला हीच पद्धत वापरतात, आणि मला ती इतर दुकानांनीही उचलावी अशी वाटते. शिक्षकांनी तिथे जाताना कागद तयार ठेवावेत. ज्या लेखकाच्या निधनाच्या वर्षाअखेरपासून साठ वर्षे पूर्ण झाली आहेत, म्हणजे ज्याच्या पुस्तकावरचा हक्क संपला आहे, त्याच्या पुस्तकासाठी निधनाचे वर्ष दाखवणारा एखादा छापील आधार न्यावा. तेवढ्यावर ते काम घेतात.

पुस्तिकेचे मात्र काही जमले नाही. लेखकाच्या निधनाला साठ वर्षे झालेली नाहीत, म्हणून हक्क शिल्लक आहे. पण तो आज कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. लेखक हयात नसेल किंवा सापडत नसेल, तर कलम 31 'अ' खाली सक्तीचा परवाना मागता येतो. त्यासाठी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते आणि नंतर न्यायालयात अर्ज करावा लागतो. छत्तीस पानांच्या चाळीस प्रतींसाठी एवढा खर्च कोणते महाविद्यालय करील? माझ्या मते कलम 52 ची मुभा या पुस्तिकेला लागू होते आणि प्राचार्यांनाही तसेच वाटते, पण आमच्या मतावर अण्णांनी आपले यंत्र पणाला लावावे असे मी म्हणू शकले नाही. विद्यार्थी ती पुस्तिका पाच-पाचच्या गटाने माझ्या खोलीत बसून वाचतात आणि हाताने टिपणे काढतात. मूळ प्रत एकच आहे, आणि प्रत्येक गटानंतर तिच्या कडेचा थोडा कागद टेबलावर पडलेला दिसतो.

शहात्तर पानांचे चाळीस संच ठरल्या दिवशी सकाळी तयार होते. अडतीस पाठपोट पानांचे पंचाण्णव आणि स्पायरलचे चाळीस, असे एका संचाला 135 रुपये पडले. छपाई स्वच्छ, पानांचा क्रम बिनचूक, पुढे पारदर्शक आवरण आणि मागे जाड काळा पुठ्ठा. संच उघडून पाहताना दुसऱ्या प्रकरणानंतर मला एक जाड पिवळा कागद लावलेला दिसला, कोरा, चाळीसही संचांत त्याच जागी. मी विचारले तेव्हा अण्णा म्हणाले की पुस्तिकेची जागा राखून ठेवली आहे, आणि स्पायरलही त्या मापाने एक नंबर मोठी घातली आहे. परवानगी मिळाली की संच घेऊन यायचे. स्पायरल काढून पाने आत घालून पुन्हा बांधून देण्याचे पैसे ते घेणार नाहीत.